चाचणीबाईंना अनावृत पत्र

मिनेसोटा व्यक्तिमत्त्व चाचणी ऊर्फ एमएमपीआय यांना,


बाई, तुमचं माहेर रुग्णालय. मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी तुम्हाला घडवलं आणि १९४३ मध्ये तुम्ही छापून बाहेर आलात. मनोविकारांच्या निदानाला हातभार लावायचा, एवढंच तुमचं काम होतं. ‘सर्वसाधारण माणूस’ कोण, हे ठरवायला मुख्यतः रुग्णांना भेटायला आलेली ७२४ मंडळी घेतली होती. त्यांच्या उत्तरांपासून कोण किती दूर, यावर तुमचा हिशेब चाले. तिथे खरं बोलणाऱ्याला निदान उपचार तरी मिळत.

पुढे तुम्ही नोकरीच्या बाजारात आलात. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ दुकानांनी सुरक्षारक्षक निवडताना तुमची आणि आणखी एका चाचणीची मिळून ७०४ विधानं उमेदवारांपुढे ठेवली. त्यांत धर्मश्रद्धेची चौकशी होती, लैंगिक ओढीचीही. दुकानातला चोर पकडायला याचा काय उपयोग? उमेदवार न्यायालयात गेले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयालाही १९९१ मध्ये तो दिसला नाही. अखेर १९९३ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. जे साहेबाला तोंडावर विचारता येत नाही, ते कागदावर छापलं म्हणून विचारण्याजोगं होत नाही.

‘रेंट-अ-सेंटर’ कंपनीत तर बढती हवी असेल तर तुमचे ५०२ प्रश्न सोडवावे लागत. आम्ही फक्त कामापुरते गुण बघतो, असं कंपनीचं म्हणणं. २००५ मध्ये शिकागोच्या संघीय अपील न्यायालयाने ते मानलं नाही. ही वैद्यकीय तपासणीच आहे आणि अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात ती बसत नाही, असा निकाल दिला.

तुमच्यातली खोटेपणाची मोजपट्टी मात्र मला सगळ्यांत जास्त टोचते. ‘मला कधी राग येत नाही’ अशा थाटात लिहिणारा तीत सापडतो. पण नोकरी मागायला गेलेला माणूस आपले दोष का मिरवेल? खरं लिहिलं तर दोषी, गोड लिहिलं तर लबाड. आणि निकाल बहुधा साहेबांच्या टेबलावर, ज्याचा आहे त्याच्या हाती नाही.

आमच्याकडे तुमच्या धाकट्या बहिणी एचआरने पाठवलेल्या लिंकमधून येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळ्या संमतीविना वापरायची मुभा आहे. शिवाय संमती मागितली, तरी पगारावर घर चालवणारा नाही म्हणेल कसा?

म्हणून एवढंच मागणं. यायचंच असेल तर कुठला प्रश्न कुठल्या कामासाठी, निकाल कोण वाचणार आणि तो किती वर्षं जपून ठेवणार, हे आधी लेखी द्या. निकालाची एक प्रत आमच्या हाती द्या आणि तो खोडून काढायची संधीही. हे जमणार नसेल तर माहेरीच सुखाने राहा. रक्षकाची पारख रात्रपाळीत होते, हिशेबनिसाची वहीत. तिथे आम्हाला हवं तितकं तपासा.

आपला,
एक नोकरदार