चिलापीसाठी फ्लाय बांधताना

मासा चिलापी असेल तर फ्लायवर, म्हणजे हुकावर बांधलेल्या नकली किड्यावर, पीस जितकं कमी तितकं बरं. मुळा धरणाच्या फुगवट्यावर, राहुरीच्या बाजूला बसून माझं हेच मत पक्कं झालंय. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली निघालं, तेव्हा ही आफ्रिकेतली जात इथं नव्हतीच. ती १९५२ साली भारतात आली. त्यामुळे तिच्यासाठी काय बांधावं, हे जुन्या पुस्तकांत शोधण्यात अर्थ नाही.

चिलापीचं तोंड लहान. शेवाळ खरवडावं, तळाच्या अळ्या टिपाव्यात, हा तिचा धंदा. झडप नाही, घाई नाही; आमिष ओठांत ओढते आणि नको वाटलं की थुंकून मोकळी. म्हणून हुक १२ किंवा १४ नंबरचा (नंबर वाढला की हुक बारीक होतो), आणि अंग मऊ.

हुकावर काळा दोरा घेतला की आधी तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढे. पंख्याच्या वाइंडिंगची बारीक तार रिवायंडिंगच्या दुकानात तुकड्यांनी मिळते. या उसाच्या पट्ट्यात पंपांच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे अशा दुकानांना तोटा नाही. त्यावर झडलेल्या मोरपिसाचे तीन केसाळ तंतू. ते नुसते गुंडाळले तर दुसऱ्याच माशाच्या दातांनी तुटतात, म्हणून दोऱ्याबरोबर पीळ घालून गुंडाळायचे. शेवटी गळ्याशी गावठी कोंबडीचं पीस, एकच वेढा. कोंबड्याच्या मानेचं नको. ते ताठ असतं, तरंगतं. ते पहिल्या पावसासाठी राखून ठेवावं. वाळवीला पंख फुटून ती पाण्यावर पडायला लागली, की वरच्या थरातले चंदेरी बारके मासे त्यावर तुटून पडतात. चिलापीला कोंबडीचंच, पाण्यात श्वास घेतल्यासारखं हलणारं. दुसरा वेढा द्यायला हात शिवशिवतो, फ्लाय भरदार दिसते; पण मग ती लवकर बुडत नाही.

फेकताना नेहमीच्या गळाला शिसं नेतं, इथं दोरीचं स्वतःचं वजन फ्लायला नेतं. फ्लाय बुडू द्यायची, वीतभर ओढायची, थांबायचं. हाताला काही कळत नाही. दोरीचं टोक जरा अडखळलं की उचलायचं.

विणीच्या दिवसांत मादी अंडी तोंडात धरते आणि खात नाही. नर उथळ पाण्यात खड्डा करून राखत बसतो. त्यात काहीही सोडा, तो धरणारच. तिथं फ्लाय निवडण्यात कसब काय राहिलं? तो भुकेनं थोडाच येतो, रागानं येतो. म्हणून मी ते खड्डे सोडून देतो. जाळी सोडवत बसलेल्या एका भोईकाकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “रागानं का येईना! कालवणाला काय फरक पडतोय?”