आठ दिवसांनी या

समजा, आज सोमवार आहे. शिंपी तुम्हांला म्हणाला, "कपडे तयार नाहीत, आठ दिवसांनी या." तुम्ही कोणत्या वारी जाल? पुढच्या सोमवारीच ना? इतकी साधी गोष्ट मी मात्र एकदा विसरलो. ती चूक आज तुम्हांला सांगतो.

माझा मामेभाऊ कामाच्या शोधात पोर्तुगालमधील लिस्बन शहरात गेला. त्याला थोडे इंग्रजी येत होते. पोर्तुगीज मुळीच येत नव्हते. रोज रात्री तो इंग्रजीतील नेहमीची वाक्ये वहीत लिही आणि त्यांचे पोर्तुगीज शोधी. 'दिवस ठरवू या', 'परवा भेटू', 'पंधरवड्याने येतो' अशी ती वाक्ये असत. अडले की तो मला फोन करी. मी बी.एड. झालेला, भाषेचा शिक्षक! शब्दकोश उघडून मी ऐटीत उत्तर देई.

एका सोमवारी त्याचा फोन आला. "भाईजान, एका हॉटेलमालकाने मला कामासाठी बोलावले आहे. 'ओइतू दीअश' म्हणजे कधी?"

मी कोश पाहिला. ओइतू म्हणजे आठ, दीअश म्हणजे दिवस. मंगळवारपासून बोटे मोजली. आठवे बोट पुढच्या मंगळवारवर आले. "मंगळवारी जा," मी सांगितले.

तो मंगळवारी गेला. मालकाने आदल्या दिवशी त्याची वाट पाहिली होती. जागा दुसऱ्याला मिळाली होती. भाऊ मला एका शब्दानेही बोलला नाही. पण त्या महिन्यात तो घरी पैसे पाठवू शकला नाही. मामींचे औषध उधारीवर आणावे लागले.

माझे कुठे चुकले? इंग्रजीत ज्याला एक आठवडा म्हणतात, त्याला पोर्तुगीज माणूस 'आठ दिवस' म्हणतो. तो आजचा दिवसही धरतो. पंधरवड्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दात चौदा रात्री आहेत. पोर्तुगीजमध्ये त्यालाच 'किंझ दीअश', म्हणजे पंधरा दिवस म्हणतात. काळ तोच, मोजणी निराळी. आपल्या उर्दूतील 'हफ्ता' सातावरून आला. मराठी 'आठवड्या'त मात्र आठ आहेत आणि 'पंधरवड्या'त पंधरा! कोशात शोधलेले उत्तर माझ्या रोजच्या मराठीतच होते.

पुढे भावाने वारांची नावे पाठ केली. पोर्तुगीजमध्ये सोमवारला 'सेगुंदा-फेइरा' म्हणतात. सेगुंदा म्हणजे दुसरी. रविवार पहिला धरला, की सोमवार दुसरा. फारसीतील 'दोशंबा' आणि अरबीतील 'इस्नैन' यांतही दोनच आहेत. त्यामुळे ती नावे त्याला लवकर पाठ झाली. आता कोणी दिवस ठरवला, की तो वार आणि तारीख दोन्ही पुन्हा विचारून घेतो.

मुलांनो, तुमच्या वहीत मला कधी कधी 'मी काल येईन' असे वाक्य दिसते. उर्दूतील 'कल' गेलेलाही असतो आणि येणाराही. मराठीत गेलेला दिवस 'काल' आणि येणारा 'उद्या'. तेथे मी लाल खूण करतो, तेव्हा रागावू नका. नुसता शब्द बदलून भाषांतर होत नाही. ती माणसे दिवस कसे मोजतात, हेही समजून घ्यावे लागते. आणि शंका आली, तर पुन्हा विचारायला लाजू नका. मी त्या सोमवारी विचारले नाही.