चंद्रावर न उतरलेलीं माणसें

ज्या पुस्तकावर आपण व्याख्यान देतों तें आपण वाचलेलें असावें, अशी एक जुनी समजूत आहे. प्राध्यापकाच्या धंद्यांत तीस वर्षें काढल्यावर ती किती भाबडी आहे हें आम्हांस चांगलें ठाऊक झालें आहे. तरीहि पकडले जाण्याचा प्रसंग येऊं नये एवढी खबरदारी आम्ही आजवर घेत आलों होतों. गेल्या पावसाळ्यांत सांगलीस, आमच्याच वर्गांत, ती फुकट गेली. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीविषयीं आम्ही बोलत होतों. तोफेच्या गोळ्यांत बसून तिघे प्रवासी चंद्रावर उतरतात, तेथील रहिवाश्यांच्या तावडींत सांपडतात आणि कसेबसे निसटतात, असें आम्ही रंगांत येऊन सांगत असतां मागच्या बांकावरचा एक विद्यार्थी उठला आणि अत्यंत नम्रपणें म्हणाला, "सर, पण ते चंद्रावर उतरतच नाहींत."

वर्ग हंसला नाहीं. हंसला असता तर बरें झालें असतें.

आम्ही सांगत होतों तें पुस्तक नव्हतें, चित्रपट होता. पुण्यास एम्. ए. चा अभ्यास करीत असतांना एका चित्रपट-मंडळाच्या खेळांत आम्ही जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगारानें १९०२ सालीं काढलेला पाव तासाचा मूकपट पाहिला होता. चंद्राच्या चेहऱ्यांत, नेमका डोळ्यांत, तोफेचा गोळा रुतून बसला आहे, हें त्यांतलें चित्र तो चित्रपट न पाहिलेल्यांनींहि कोठें तरी पाहिलेलें असतें. मेलिएसनें व्हर्नची तोफ उचलली आणि वेल्सच्या १९०१ सालच्या कादंबरींत शोभावेत असे चंद्रवासी तिला जोडून दिले. परत येण्याची अडचण तर त्यानें एका फटक्यांत सोडविली: गोळा चंद्राच्या कड्यावरून ढकलून दिला कीं तो खालीं पृथ्वीवर येऊन पडतो! त्यांतले प्रवासी म्हणजे पगडबाज विद्वान् प्राध्यापक असून त्यांची यथेच्छ टर उडविलेली आहे. त्या वेळीं आम्ही स्वतः प्राध्यापक नव्हतों, त्यामुळें पोट धरधरून हंसलों. चित्रपट डोक्यांत असा बसला कीं पुस्तक वाचण्याची गरजच उरली नाहीं.

आणि पुस्तक घरांत होतें! आमचे वडील, अण्णा, सातारच्या एका शाळेंत गणित शिकवीत. उन्हाळ्यांत अजिंक्यताऱ्याच्या बाजूनें वारा येऊं लागला कीं अंगणांत खाट टाकून ते ही गोष्ट सांगत. त्यांच्या गोष्टींत आंकडेच फार, आणि शेवटीं कोणी कोठें पोंचतहि नसे. पुण्याहून चित्रपट पाहून आल्यावर आम्ही त्यांना ठासून सांगितलें कीं, ते उतरतात, आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे. अण्णा म्हणाले, "बरं." वाद घालण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

वर्गांतल्या त्या प्रसंगानंतरच्या रविवारीं आम्ही साताऱ्यास गेलों. अण्णा २०२१ सालीं गेले, तेव्हांपासून घर बहुधा बंदच असतें. त्यांच्या कपाटांतून तें जाड इंग्रजी पुस्तक काढलें. १८६५ ची मूळ कादंबरी आणि १८७० चा तिचा उत्तरार्ध, दोन्ही एकाच बांधणींत आहेत. परतीच्या गाडींत तें उघडलें. कऱ्हाड आलें तेव्हां आठवलें कीं कृष्णाकांठचें टेंभू येथून जवळच. आगरकरांचें जन्मगांव म्हणून आपण तें ओळखतों. पण कृष्णाजी नारायण आठल्येहि तेथलेच. त्यांनीं दूर कोचीनला बसून 'केरळकोकिळ' मासिक चालविलें आणि १९०० च्या सुमारास त्यांत व्हर्नची हीच कथा 'चंद्रलोकाची सफर' म्हणून मराठींत येऊं लागली. म्हणजे मेलिएसचा पडदा उजळण्याआधींच मराठी वाचक त्या गोळ्यांत बसून निघाले होते. आम्हांलाच एवढा उशीर झाला.

पहिला भाग आम्हांस, खरें सांगावयाचें तर, लांबलेला वाटला. तोफेची लांबी नऊशें फूट, प्रवासाचा वेळ ९७ तास १३ मिनिटें २० सेकंद. अण्णा कां रमले असतील हें कळलें. समासांत त्यांची बारीक पेन्सिल जागोजाग होती. एके ठिकाणीं त्यांनीं हिशेब केला होता कीं एवढ्या तोफेंतून इतक्या वेगानें गोळा सुटला तर आंतल्या माणसाचें वजन वीस हजार पटींहून अधिक भरेल. धक्का सोसण्यासाठीं व्हर्ननें गोळ्याच्या तळाशीं पाणी भरलें आहे, त्यावर अण्णांचा शेरा: "पाण्यानें भागणार नाहीं."

दुसऱ्या भागांत मात्र आम्हीं पुस्तक खालीं ठेवलें नाहीं. वाटेंत एक उल्का गोळ्याजवळून जाते, तिच्या ओढीनें मार्ग किंचित् ढळतो, आणि चंद्र हुकतो. प्रवासाच्या आरंभीं जखमी झालेला कुत्रा मरतो, त्याला खिडकींतून बाहेर टाकतात. थोड्या वेळानें पाहतात तों तें प्रेत गोळ्याच्या बरोबरीनें, मागें न राहतां, चाललेलें आहे. कोणत्याहि पडद्यावरच्या राक्षसानें आमच्या अंगावर असा कांटा आणला नव्हता. मग चंद्रामागचा अंधार आणि थंडी. परत जाणें घडेल कीं नाहीं, आणि नोंदी वाचावयास कोणी असेल कीं नाहीं, हें ठाऊक नसतांना ते तिघे पाहतात, मोजतात, भांडतात, लिहून ठेवतात. मेलिएसला दोष देण्याचें कारण नाहीं. वाट चुकलेल्या माणसांची वही पाव तासांत कोण दाखवील? पण आम्हीं तीस वर्षें त्याचेंच खरें धरलें, हा दोष आमचा.

उल्केच्या प्रकरणापाशीं समासांत शेरा नव्हता, नुसती तारीख होती: २४-१२-६८. किर्लोस्करवाडी मागें गेली तरी आम्हांस तिचा अर्थ लागेना. अपोलो-११ चे लोक चंद्रावर उतरले ते २० जुलै १९६९ रोजीं. मग उमगलें. फ्लॉरिडांतून निघालेले अपोलो-८ चे तिघे त्या डिसेंबरांत चंद्राच्या कक्षेंत पोंचले, दहा फेऱ्या घालून, न उतरतां परतले आणि पॅसिफिक समुद्रांत येऊन पडले. थेट व्हर्नच्या तिघांप्रमाणें. जग १९६९ ची तारीख पाठ करीत होतें, तेव्हां आमच्या वडिलांनीं आपल्या पुस्तकांत ही टिपून ठेवली होती.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आमच्या सांगलीच्या घरांत शिरलें आणि आम्ही महिनाभर साताऱ्यास अण्णांकडे राहिलों. ७ सप्टेंबरच्या उत्तररात्रीं चंद्रयान-२ चें 'विक्रम' उतरावयाचें होतें. दूरदर्शनवर चेहरे एकाएकीं पडले, संपर्क तुटल्याचें सांगितलें गेलें. भिजलेल्या पुस्तकांच्या दुःखानें आम्ही आधींच वैतागलेले. "संपलें," म्हणून उठलों. अण्णा बसूनच होते. म्हणाले, "वरचं फिरतंय ना अजून? मग बघेल तें." आणि जरा थांबून, "तुझ्या सिनेमांत उतरतात, नाहीं का रे?"

त्यांत टोमणा होता हें आम्हांस त्या गाडींत कळलें. २०२३ च्या ऑगस्टांत चंद्रयान-३ उतरलें तेव्हां तें घर बंद होतें.

सोमवारीं वर्गांत आम्हीं चूक कबूल केली. त्या विद्यार्थ्यानें तास संपल्यावर पुस्तक मागितलें; त्यानें म्हणे मराठी संक्षेपच वाचला होता. आम्ही तें दिलें. समासांतलें पेन्सिलीचें कांहीं खोडूं नकोस, एवढें दोनदां बजावलें.