बढती नाकारणाऱ्यांविषयी

बढती नाकारणाऱ्या बायकांबद्दल माझं मत कित्येक वर्षं पक्कं होतं: यांना जबाबदारी नको, सोय हवी. सरकारी बँकेत मी क्लार्क म्हणून लागले आणि परीक्षा देत देत स्केल चारच्या ऑफिसरपदापर्यंत गेले. नागपूर, राजकोट, रायपूर, जिथली ऑर्डर निघाली तिथे बॅग भरून रुजू झाले. मी जाऊ शकते, तर यांना काय धाड भरली आहे, असं मी चारचौघांत म्हणत असे. आता म्हणत नाही.

मनुष्यबळ विभागात आले तेव्हा नकाराच्या अर्जांची फाईल माझ्याच टेबलावर असायची. क्लार्कला ऑफिसर व्हायचं तर आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. मुलाखतीत ठरलेला प्रश्न, "कुठेही बदली झाली तर जाल ना?" सगळेच हो म्हणतात. आमच्याकडे पोस्टिंगचं ठिकाण कळायचं ते संमती दिल्यावर, आणि नकार दिला की पुढची काही वर्षं परीक्षेला बसायची सोय नाही. अर्जांत बहुतेक एकच ओळ: 'कौटुंबिक अडचणींमुळे बढती स्वीकारण्यास असमर्थ आहे.'

त्यातल्या एकीला मी बोलावून घेतलं. लेखी परीक्षेत ती वरच्या नंबरात होती. शाखेतले ऑफिसर कर्जाची प्रकरणं पुढे पाठवण्याआधी तिच्या नजरेखालून घालत. ती म्हणाली, "मॅडम, मुलगी दहावीला आहे. सासऱ्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. पुणे सोडता येत नाही. पण हे काम मला हवं होतं हो."

बढतीच्या त्याच यादीतला एक सहकारी भोपाळला गेला. त्याचीही मुलं शाळेत, आईवडील थकलेले. पण मागे घर सांभाळायला त्याची बायको होती. आणि माझ्या मागे माझी आई होती. मुलाचा डबा, पालकसभा, रात्री-बेरात्रीचा ताप, सगळं तिने निभावलं, म्हणून मी 'कुठेही जायला तयार' होते. माझ्या हिमतीइतकाच त्यात तिच्या कष्टांचा वाटा होता. घरी कुणीतरी थांबणारं असलं पाहिजे, ही बढतीची खरी अट कुठल्याच परिपत्रकात लिहिलेली नव्हती.

ऑगस्ट २०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना सूचना दिल्या: विवाहित महिलांना शक्यतो पतीच्या ठिकाणाजवळ, अविवाहित महिलांना आईवडिलांजवळ नेमा. पुढे डायलिसिसवरच्या सासऱ्यांसाठी पुण्यात थांबलेल्या त्या बाईने पुन्हा परीक्षा दिली, पुणे जिल्ह्यातच पोस्टिंग मिळालं आणि काही वर्षांत ती शाखा व्यवस्थापक झाली. बाई तीच होती, बदलली होती फक्त अट.

बदल्या नकोतच, असं मी म्हणत नाही. कर्जाच्या टेबलावर एकच माणूस वर्षानुवर्षं बसला की हितसंबंध तयार होतात, हे मी जवळून पाहिलं आहे. पण टेबल किंवा शाखा बदलायला दरवेळी राज्य ओलांडावं लागत नाही. आणि ही सवलत बायकांपुरतीच का? अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं करणारा एकुलता मुलगाही बढती सोडतो, त्याचा अर्ज याच फाईलमध्ये असतो.

बदल्यांचं धोरण ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: संमती मागण्याआधी पोस्टिंगचं ठिकाण सांगा, आणि नकार देणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसू द्या.