अबोलीचा रंग

गेल्या वर्षीच्या जत्रेत आमच्या कुलदेवतेच्या पालखीचे चित्रण दोन कॅमेऱ्यांनी झाले. एक भाच्याच्या हाती प्राकारात, दुसरा माझ्या हाती सभामंडपात. पुढे चार महिन्यांनी आई गेली, आणि घरच्यांसाठी ते तुकडे जोडावयास मी संगणकापुढे बसलो. पाहतो तो, बाहेरच्या उन्हात आईच्या केसांतील अबोली खरी अबोली होती. आत येताच तीच वेणी तांबूस झाली व चेहरा हळद माखल्यासारखा दिसू लागला.

दोष दिव्यांचा नव्हे, माझाच. बाहेरील उजेड सुमारे ५६०० केल्विनचा, आतील पिवळे दिवे सुमारे ३००० केल्विनचे. मी कॅमेऱ्याचे माप उन्हाचेच ठेवून आत शिरलो होतो. आपला डोळा हा फरक नकळत पुसून टाकतो, कॅमेरा बिचारा तसे करीत नाही.

प्रथम थेट रंगालाच हात घातला आणि पस्तावलो. आधी उजेड सारखा करावा लागतो. आलेखावर काळ्याची तळरेषा व पांढऱ्याची वरची रेषा दोन्ही चित्रांत समपातळीत आणावयाची, मगच निळा वाढवून तांबडा उतरवावयाचा. भटजींचे पांढरे धोतर मला मापाला उपयोगी पडले.

पण सारे जुळले तेव्हा गर्भगृहातील समईची ज्योतही फिकी पडली. ते काही मनाला रुचेना. शेवटी निम्मीच दुरुस्ती ठेवली.

बहीण पाहून म्हणाली, "आत आई थोडी पिवळीच राहिली की रे!"

"देवळात ती तशीच दिसायची गो," मी म्हटले.