दुधाचा हिशेब, दगडावर



नव्या पिढीतल्या एकेका विद्यार्थ्याने या अंकापासून आपली ओळख करून द्यायची असं ठरलं आणि पहिला नंबर माझा लागला. संपादक काकूंची अट एकच होती, मराठीतून लिहायचं. तेव्हा लिहिलं आहे मी, शुद्धलेखन तपासलं आहे आईने. ह्रस्व-दीर्घाबद्दल काही तक्रार असल्यास तिच्याकडे करावी.

आम्ही २०१० साली पुण्याहून इकडे आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. म्हणजे मराठी बोलणं पक्कं झालं होतं आणि वाचणं जेमतेम सुरू झालं होतं. आता मी ओहायोतल्या एका विद्यापीठात कलाशाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा विषय प्रिंटमेकिंग, मराठीत मुद्राचित्रण, आणि त्यातही लिथोग्राफी. जुन्या मराठीत याला 'शिळाछाप' म्हणत. मला तोच शब्द आवडतो, कारण त्यात दगड ऐकू येतो.

स्वभावाबद्दल लिहायचं तर मी हळू आहे. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेत दरवर्षी माझं चित्र अर्धवट राहायचं, हे परीक्षक काकांना आठवत असेल. मला डब्यातले मसाले नीट लावायला आवडतं, यादीप्रमाणे कामं करायला आवडतं, आणि चार माणसांत बोलायला फारसं आवडत नाही. शिवाय मला चित्रं 'सुचत' नाहीत. वर्गातल्या काही मुलांना स्वप्नात चित्रं दिसतात. मला फक्त समोरची वस्तू दिसते, पण ती बघता बघता तिच्यातून काहीतरी बाहेर येतं. अशा माणसाला शिळाछाप हे माध्यम फार मानवतं, कारण त्यात घाई करताच येत नाही.

हे काम कसं चालतं ते सांगते. आमच्या छापखान्यात चुनखडीच्या शिळा आहेत. जर्मनीत बव्हेरियातल्या झोल्नहोफेन या गावच्या खाणींतली ही चुनखडी या कामासाठी प्रसिद्ध आहे. १८ बाय २४ इंचांची, तीन इंच जाडीची एक शिळा साधारण सव्वाशे पौंड भरते. आधी ती पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी घालून घासायची, जाड भुकटीपासून बारीक भुकटीपर्यंत, तासन् तास. पाट्याला टाकी लावून तो खरखरीत ठेवतात ना, तसा या दगडालाही अगदी बारीक खरखरीतपणा लागतो. मग मेण, साबण आणि काजळी यांच्या खडूने त्यावर चित्र काढायचं. त्यानंतर डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालून ते शिळेवर फिरवायचं. हा डिंक बाभळीच्या जातीतल्या झाडाचा असतो. डिंकाच्या लाडवांतल्या डिंकाचा सख्खा नाही, पण चुलत भाऊ नक्की.

यामागची गंमत एवढीच की तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. ओल्या शिळेवरून शाईचा रूळ फिरवला की जिथे तेलकट खडू लागला आहे तिथेच शाई धरते, कोऱ्या ओल्या जागेवर धरत नाही. वर कागद ठेवून प्रेसमधून काढला की छाप तयार. सगळ्या प्रती झाल्या की शिळा परत घासायची आणि चित्र पुसून टाकायचं. दगड पुढच्या चित्राला मोकळा.

हा शोध लागला कसा, ती गोष्ट मला आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली. आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार म्यूनिकमध्ये राहत होता. आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून त्याची खटपट चालली होती. १७९६ साली एक दिवस त्याच्या आईने त्याला धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ती आपल्या तेलकट शाईने जवळच्या दगडावर लिहिली. तिथून प्रयोग सुरू झाले आणि दोनेक वर्षांत शिळाछपाई तयार झाली. म्हणजे या कलेचा श्रीगणेशा झाला तोच धुण्याच्या यादीने! पुढे याच दगडांवर आपल्याकडे काय काय झालं ते मोठ्यांना माहीत असेलच. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर लागल्या.

मी मात्र देवदेवता नाही, धुण्याच्या यादीचाच रस्ता धरला. कारण आहे माझी वाईची आजी.

आजी कागद वाया घालवत नाही. लग्नपत्रिकांची पाठकोरी बाजू, उघडलेली पाकिटं, सगळ्यांवर तिच्या वाण्याच्या याद्या असतात. त्यांच्याही डोक्यावर '॥ श्री ॥' असतंच, मग खाली शेंगदाणे, साबुदाणा, काड्यापेटी काहीही असो. आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब. प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्या दिवशी किती लिटर दूध घेतलं तो आकडा. भय्या आला नाही तर 'खाडा'. अर्ध्याला ती '॥' अशा दोन उभ्या रेघा काढते, म्हणजे दीड लिटर '१॥'. महिना संपला की खाली बेरीज, गुणाकार, पैसे दिल्याची तारीख. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून, सुतळीने बांधून माळ्यावर.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी वाईला गेले होते. आजीला आता कंपवाताचा त्रास आहे. तिचे आकडे वाकडे होऊन चौकटीबाहेर जातात, आणि पुष्कळदा दुधाचा हिशेब शेजारच्या ताईच लिहितात. माळा आवरताना मी जुनी कॅलेंडरं खाली काढली आणि २०१९ चं उघडून बसले.

ऑगस्टपर्यंत रोज '१'. मधे मधे खाडा. दिवाळीला आणि आम्ही येणार असू तेव्हा जास्त दूध, ही तिची जुनी रीत. सप्टेंबरच्या ११ तारखेला चौकट कोरी. १२ लाही कोरी. मग '२', '२॥', '३', '३', असं २४ तारखेपर्यंत. पुढे चार दिवस '१'. आणि २९ पासून '॥'. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत '॥'.

११ सप्टेंबरला आजोबा गेले. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. बाबा एकटेच गेले, मी आणि आई इथेच राहिलो, आणि तो सगळा काळ मला फोनवरच्या आवाजांतून तेवढा माहीत आहे. कॅलेंडरवर आजोबांबद्दल एक अक्षर नाही. पण घर कधी भरलं, कधी रिकामं झालं, आणि आजी एकटी राहिली हे तिने कोणत्या तारखेला मान्य केलं, ते सगळं तिथे लिटरमध्ये लिहिलेलं आहे. त्या चार दिवसांच्या '१' कडे मी फार वेळ बघत बसले होते. आपण एकट्याच, तरी तिने चार दिवस पूर्ण लिटर घेतलं.

तेव्हा ठरवलं की हे वर्ष शिळेवर उतरवायचं. बारा महिने, बारा छाप.

यात माझे नियम साधे आहेत. कॅलेंडरवर छापलेलं सगळं मी गाळते, तारखा, सण, एकादशी, जाहिराती, सगळं. रिकाम्या चौकटी आणि त्यांत आजीच्या हाताने लिहिलेलं तेवढं ठेवते. आकार मूळ कॅलेंडरच्या दुप्पट. शाई एकच, काळी. आणि तिचं अक्षर मी 'सुंदर' करत नाही. जिथे पेन अडखळलं आहे तिथे माझा खडूही अडखळतो.

छाप उलटी येते, म्हणून दगडावर सगळं आरशातल्यासारखं काढावं लागतं. आजीचं अक्षर ट्रेसिंग पेपरवर घेऊन तो कागद पालथा घालायचा आणि खाली लोहाच्या लाल भुकटीचा कागद ठेवून रेघ उमटवायची. या भुकटीत तेलाचा अंश नसतो, म्हणून ती शाई धरत नाही. ही भुकटी म्हणजे आपला गेरू! तुळशी वृंदावनाला लावतात तो. मग त्या लाल रेघेवरून खडूने उजवीकडून डावीकडे जायचं. शिरोरेषा मात्र वरच राहते, तेवढाच आधार. मजा म्हणजे ह्रस्व इकार दगडावर दीर्घ दिसतो आणि दीर्घ ह्रस्व. आईला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू नेहमी लिहितेस तसंच की!"

पण खरं सांगते, मराठी अक्षराकडे मी इतक्या बारकाईने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मंडळाच्या रविवारच्या शाळेत मी अक्षर ओळखून पुढे पळायचे. उलटं काढताना पळता येत नाही. 'खाडा' हा शब्द मी इतक्या वेळा उलटा काढला आहे की आजी 'ख' कुठून सुरू करते आणि 'ड' ची शेपटी कुठे सोडते ते माझ्या मनगटाला पाठ आहे. एक '॥' तेवढं उलटं केलं तरी '॥' च राहतं.

आमच्या वर्गात एकाने विचारलं, यात रंग का नाहीत, भारत म्हणजे केवढे रंग! आपल्याकडच्या एका काकूंनी विचारलं, गणपती का नाही काढत? दोघांनीही प्रेमानेच विचारलं. माझं उत्तर एकच आहे. आजीच्या स्वयंपाकघरात रंग पुष्कळ आहेत, पण हिशेब ती बॉलपेननेच लिहिते. मला हिशेबाशी प्रामाणिक राहायचं आहे.

भाषांतर द्यावं का, हा प्रश्न मला जास्त छळत होता. त्यात झरीना हाश्मी यांच्या कामाने धीर दिला. त्यांचा जन्म १९३७ साली अलिगढचा, शिक्षण गणिताचं, आणि आयुष्याचा मोठा काळ न्यूयॉर्कमध्ये गेला. २०२० साली त्या वारल्या. 'होम इज अ फॉरिन प्लेस' या १९९९ च्या मालिकेत त्यांचे ३६ लाकडी ठशांचे छाप आहेत, आणि प्रत्येकावर घराशी जोडलेला एकेक उर्दू शब्द. मला उर्दू वाचता येत नाही, तरी मी त्या चित्रांपुढून हलले नाही. म्हणून मी भिंतीवर फक्त एवढंच लावलं: दूध, लिटर, १ म्हणजे एक, ॥ म्हणजे अर्धा.

गेल्या वसंतात विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात पहिले नऊ महिने लागले. एक वयस्कर अमेरिकन बाई ओळीने बघत आल्या, सप्टेंबरपाशी थांबल्या, बोटाने चौकटी मोजल्या आणि मला हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "माझे आजोबा." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जानेवारीपासून बघायला सुरुवात केली.

त्याआधी अर्थात आजीची परवानगी घेतली होती. ती म्हणाली, "अगं, त्यात छापायचंय काय? दुधाचा हिशेब तो!" मग सप्टेंबरची एक प्रत बाबांबरोबर वाईला पाठवली. व्हिडिओवर पाहिलं, आजीने चष्मा लावला, छाप मांडीवर घेतला आणि एकेका चौकटीवर थरथरतं बोट ठेवत सगळ्या महिन्याची बेरीज केली. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "बरोबर आहे." चित्र चांगलं आहे की वाईट, ते नाही सांगितलं. मला आजवर मिळालेल्या शेऱ्यांत हा सर्वांत मोठा.

आता पोटापाण्याचं. बाबा दर महिन्याला एकदा विचारतात, हल्ली जरा मऊ आवाजात. पदवीनंतर छापखान्यातलं तंत्र शिकून इतर चित्रकारांसाठी छाप काढण्याचं काम करता येतं, तो माझा विचार आहे. अमेरिकेत ही विद्या मागे पडत चालली होती तेव्हा जून वेन या चित्रकर्तीने १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये टॅमरिंड रस्त्यावर एक कार्यशाळा काढली. १९७० पासून ती टॅमरिंड इन्स्टिट्यूट म्हणून न्यू मेक्सिको विद्यापीठात आहे आणि तिथे मुद्रक तयार होतात. तिथे अर्ज करणार आहे. टॅमरिंड म्हणजे चिंच, हे कळल्यापासून आजीला ती संस्था पसंत आहे.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कुणाकडे आई-आजीच्या हाताच्या जुन्या याद्या, हिशेबाच्या वह्या, कॅलेंडरं असतील तर घर आवरताना टाकू नका. पत्रं आपण जपतो, कारण त्यांत मुद्दाम काही सांगितलेलं असतं. या कागदांवर कुणाला काही सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांतलं सगळं खरं असतं. दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना घेऊन आलात तर मी तिथेच फोटो काढून लगेच परत देईन.

माझे तीन महिने अजून बाकी आहेत. ऑक्टोबरची शिळा घासायला घेतली आहे.