तपकिरी डोक्यांचा हिशेब

पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर एके काळी लोक शरद ऋतूत बंदुका घेऊन चढत आणि दक्षिणेकडे निघालेले ससाणे निव्वळ मौज म्हणून पाडत. १९३४ मध्ये रोझली एज यांनी ती जागा भाड्याने घेऊन शिकार थांबवली आणि मॉरिस ब्रून तिथे पक्षी मोजू लागले. कुणी म्हणेल, आभाळातले पक्षी कधी मोजून होतात का? वारा फिरला की थवे वेगळ्याच वाटेने जातात, फार उंचावरचे दिसतही नाहीत. आक्षेप खरा आहे. पण मला एकूण आकड्यापेक्षा त्यातलं प्रमाण बोलकं वाटतं. तिथून जाणाऱ्या बाल्ड ईगल या गरुडाच्या प्रौढ पक्ष्याचं डोकं पांढरंशुभ्र, कोवळ्या पक्ष्याचं गडद तपकिरी. आणि नजरेतून निसटणारे काही वय बघून निसटत नाहीत. दिसलेल्यांत तपकिरी डोकी कमी होत गेली, म्हणजे घरट्यांतच काहीतरी बिनसलं होतं. रेचल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात कीटकनाशकांविरुद्ध हाही पुरावा मांडला. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली. मोजणी सुरू झाली तेव्हा मात्र डीडीटी शेतांत पोचलंही नव्हतं. पुढे कशाला उपयोगी पडेल हे ठाऊक नसताना दिवसभर मान वर करून बसण्याचं बळ माणसात कुठून येतं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.